बैठं काम सुरू करताय? पाठीची सोय पहिल्या आठवड्यातच लावा

पुण्यात एका सीएच्या ऑफिसात मी सोळा वर्षं हिशेबाचं काम करते आहे. दर वर्षी आमच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला, नवी मुलं-मुली येतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्यांचे हात कमरेवर जायला लागतात. सुरुवातीला काम शिकायच्या नादात कुणाला काही जाणवत नाही. मग एक दिवस उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो.

मी माझ्या तिसऱ्या वर्षी हे भोगलं. सप्टेंबरअखेर होती, टॅक्स ऑडिटची गर्दी. सकाळी साडेनऊपासून बसलेली मी संध्याकाळी सातच्या सुमारास खाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि कमरेत चमक भरली. टेबल धरून उभी राहिले, पण सरळ होता येईना. सहा आठवडे गेले त्यात. फिजिओथेरपिस्टबाईंनी व्यायामाबद्दल विचारण्याआधी एकच प्रश्न विचारला: "खुर्चीवर बसल्यावर तुमचे पाय कुठे असतात?" मला सांगताच येईना. दिवसाचे नऊ तास मी ज्या खुर्चीवर बसत होते तिथे माझे पाय कुठे असतात, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच हे सगळं करायला लावते. ऑफिस असो, कॉल सेंटर असो की घरी लॅपटॉपवर चाललेला अभ्यास, क्रम तोच ठेवा.

पहिल्यांदा टेप घ्या

घरातला शिवणाचा टेप बरोबर न्या. खुर्चीवर मागे टेकून बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकू द्या, दंड अंगालगत सैल सोडा आणि कोपरं काटकोनात वाकवा. आता शेजारच्याला जमिनीपासून तुमच्या कोपरापर्यंतची उंची मोजायला सांगा. मग टेबलाची उंची मोजा.

माझी उंची ५ फूट ३ इंच. अशी बसले की माझं कोपर जमिनीपासून ६२ सेंटिमीटरवर येतं. आपल्याकडची ऑफिसची टेबलं बहुतेक ७५ सेंटिमीटरची, म्हणजे अडीच फुटांची असतात. मधला फरक १३ सेंटिमीटरांचा. हा फरक शरीर कुठूनतरी भरून काढतंच. एक तर खांदे वर उचलले जातात, नाहीतर आपण कोपरं टेबलावर रोवून पुढे झुकतो आणि पोक निघतं. सकाळी दहाला काही वाटत नाही. चार वाजेपर्यंत मानेपासून कमरेपर्यंत सगळं आखडलेलं असतं.

टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्यायची: कोपर आणि कीबोर्ड एका पातळीत येईपर्यंत. इथे बहुतेक जण थांबतात, आणि तिथेच चुकतं. खुर्ची वर गेली की पाय अधांतरी होतात. खुर्चीचा काठ मांडीला रुततो, पाय टेकवायला आपण पुढे सरकतो आणि पाठीचा टेकू सुटतो. खुर्ची जितकी वर घेतली, साधारण तितकीच उंची पायाखाली द्यायला हवी.

मागच्या वर्षी आलेली एक मुलगी जेमतेम पाच फुटांची. ती खुर्चीच्या अगदी काठावर बसायची, चपला काढून पायाची बोटं खुर्चीच्या खालच्या दांड्यांत अडकवलेली. खुर्चीच्या पाठीचा तिने महिनाभर एकदाही उपयोग केला नव्हता, तिथे तिची ओढणी आणि डब्याची पिशवी लटकत असे. आम्ही झेरॉक्सच्या कागदाची न फोडलेली तीन रिमं घेतली. एक रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड असतं. एकावर एक ठेवून चिकटपट्टीने घट्ट बांधली आणि तिच्या पायाखाली सरकवली. तिने मागे टेकून पाहिलं, दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "ताई, खांदे खाली आले." पुढे तिने घरून बुटका चौरंग आणला. तुमच्या मापात बसत असेल तर जेवायचा पाटही चालतो, फक्त तो फरशीवर सरकू नये म्हणून खाली रबरी मॅटचा तुकडा टाका.

उंच माणसांचा त्रास उलटा. ज्याचं कोपर टेबलाच्याही वर येतं त्याला तेच टेबल बुटकं पडतं आणि तो कमरेतून वाकतो. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून घ्या, सुतार तासाभरात करून देतो.

मग खुर्ची

महागड्या खुर्चीच्या मागे लागू नका. आहे त्या खुर्चीत तीन गोष्टी बघा.

खुर्चीचा पुढचा काठ आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटं मावायला हवीत. मावत नसतील तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, पाठीमागे उशी घालून ती कमी करा.

दुसरी गोष्ट कमरेचा आधार. उभं असताना कमरेला मागून आत एक खोलगट भाग असतो. हात लावून बघा. बसलं की ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि तो खोलगटपणा सपाट होतो. टॉवेलची गुंडाळी करून पट्ट्याच्या रेषेच्या किंचित वर, त्याच खोलगट भागात ठेवा. गुंडाळी मनगटाएवढी पुरते. जाड लोड ठेवलात तर तोच तुम्हाला पुढे ढकलतो. गुंडाळी घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना नाडी बांधून खुर्चीच्या पाठीला अडकवा. प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ आत गेलेली असते, तिथे तर ही गुंडाळी हवीच.

तिसरी गोष्ट हातांची. खुर्चीचे हात टेबलाला अडून तुम्हाला टेबलापासून लांब ठेवत असतील तर ते खाली करा, नाहीतर सरळ काढून टाका. आमच्या ऑफिसात चार खुर्च्यांचे हात स्क्रू काढून कपाटात ठेवलेले आहेत. आणि मुलग्यांनो, मागच्या खिशातलं पाकीट बसण्याआधी ड्रॉवरमध्ये ठेवा. एका बाजूखाली दीड-दोन सेंटिमीटरची चळत घेऊन आठ तास बसलात तर कंबर तिरकी राहते.

आता टेकून बसण्याबद्दल. लहानपणापासून आपण "ताठ बस, पोक काढू नकोस" हे ऐकत आलो. पोकाबद्दलचं खरं आहे. पण ताठ म्हणजे काठीसारखं ताठ बसून राहायचं, हा समज सोडून द्या. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत (डिस्कमध्ये) सुई घालून दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. १९९९ साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून पुन्हा मोजणी झाली. त्यात मागे रेलून बसल्यावर दाब उभं असतानापेक्षाही कमी निघाला, आणि पुढे वाकून बसल्यावर बराच जास्त. मोजलं एकाच माणसावर, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण खुर्चीच्या पाठीवर भार टाकायला संकोच करू नका, एवढं त्यातून घेता येतं. खुर्चीची पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे, १०० ते ११० अंशांवर ठेवा आणि तिच्यावर खरोखर टेका. साहेब बघतील, आळशी वाटेल, हा विचार नव्या मुलांच्या मनात हमखास असतो. काम बोटं करतात, पाठीला टेकू दिल्याने कामात काही कमी पडत नाही.

स्क्रीन आणि कागद

डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या वर राहिलं तर मान ते सहज पेलते. पुढे गेलं की मागचे सगळे स्नायू त्याला धरून ठेवायला राबतात, आणि मान पुढे गेली की पाठीचं पोक ठरलेलंच.

स्क्रीन समोर सरळ हवा, हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतक्या अंतरावर. वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून बसाल.

लॅपटॉपची अडचण अशी, की स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर कीबोर्ड छातीशी येतो आणि कीबोर्ड कोपराशी ठेवला तर मान खाली जाते. यावर एकच इलाज: वेगळा कीबोर्ड आणि माऊस. साधा जोड हजार रुपयांच्या आत येतो. पहिल्या पगारातली पहिली खरेदी हीच करा, असं मी प्रत्येकाला सांगते. लॅपटॉपच्या खाली जुन्या बॉक्स फाइली ठेवा.

हिशेबाच्या कामात कागदांकडेही बघावं लागतं. बिलांचा गठ्ठा डाव्या हाताला ठेवून दिवसभर डावीकडे मान आणि कंबर वळवत नोंदी करायच्या, ही आमच्याकडची सर्रास सवय. गठ्ठा कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मध्ये, तिरक्या ठेवलेल्या फाइलवर ठेवा. नजर फक्त खाली-वर जाईल. नंबर पॅडमुळे माऊस उजवीकडे फार लांब जातो, तो जमेल तितका जवळ ओढा. फोन कान आणि खांद्यात दाबून टाइप करणं मात्र आजपासून बंद. हेडफोन लावा.

उठणं: सगळ्यात जास्त लक्ष इथे

वरचं सगळं नीट जमवलं आणि तीन तास हललाच नाहीत, तर पाठ दुखणारच. मांडणीने त्रास कमी होतो, पण पाठीला हालचालच लागते.

मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या गाद्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. त्यांचं पोषण शेजारच्या हाडांतून झिरपत येतं. भार पडला की पाणी बाहेर, भार उतरला की आत, असं हे चालतं. रात्री आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा एखाद-दीड सेंटिमीटर जास्त भरते. दिवसभर एकाच जागी बसलं की ही ये-जा मंदावते. शिवाय एकाच स्थितीत धरून ठेवलेले स्नायू दमतात, आणि स्नायू दमले की आपण सैल पडून पोक काढतो.

म्हणून दर अर्ध्या तासाने उठायचं. मिनिटभर पुरे, पण ढुंगण खुर्चीवरून सुटलं पाहिजे. मोबाइलचा गजर दोन दिवस ऐकला जातो, तिसऱ्या दिवसापासून आपण तो न बघता बंद करतो. त्यापेक्षा उठणं कामालाच बांधा. पन्नास व्हाउचरच्या नोंदी झाल्या की उठायचं, हा आमचा नेम आहे. फोन आला की उभं राहून बोलायचं. आणि टेबलावर लिटरची बाटली न ठेवता फुलपात्र ठेवा, पाणी प्यायला तासातून दोनदा उठावंच लागतं. पाणी जास्त प्यायलं की आणखी एका कारणाने उठाल, तेही चांगलंच.

उठल्यावर काय करायचं? पायांत थोडं अंतर ठेवून उभे राहा. दोन्ही तळहात कमरेवर मागून ठेवा, बोटं खाली. नजर समोर ठेवून कमरेतून हळू मागे झुका, दोन सेकंद थांबा, परत या. असं पाच वेळा. दिवसभर पुढे वाकलेल्या कमरेला हे उलट्या दिशेने मोकळं करतं. मागे झुकल्यावर कळ पायात उतरत असेल तर हे करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

खरी परीक्षा २० तारखेला असते, जीएसटीच्या रिटर्नच्या दिवशी. त्या दिवशी कुणालाच उठायचं नसतं. पण जीएसटी आल्यापासून मी बघते आहे, पाठी धरतात त्या २१ आणि २२ तारखेला. गर्दीच्या दिवशी सगळं सोडा, पण हे अर्ध्या तासाचं उठणं सोडू नका.

पाठीला ताकद

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, हा पाया. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो यात भरतो. लोकलने किंवा पीएमपीच्या बसने जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावं.

त्याशिवाय संध्याकाळी सतरंजीवर तीन प्रकार करा. पहिला, हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ ताणायचा, कंबर हलू न देता पाच सेकंद धरायचं, मग बाजू बदलायची. दुसरा सेतुबंधासनाचा, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. बसून बसून सुस्तावलेले ढुंगणाचे स्नायू यात कामाला लागतात. तिसरा, पालथं झोपून कोपरांवर छाती उचलून मिनिटभर राहायचं, अर्ध्या भुजंगासनासारखं. प्रत्येक प्रकार सहा-आठ वेळा. दहा मिनिटांत होतं.

सकाळी उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला वाकू नका. गाद्या तेव्हा फुगलेल्या असतात आणि वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो. सूर्यनमस्कार घालायचे तर घाला, पण चहापाणी, अंघोळ उरकून, तासाभराने.

घरून काम करणाऱ्यांसाठी

पलंगावर लोडाला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करू नका. मेल बघायला ठीक, आठ तास बिलकुल नाही. भाड्याच्या खोलीत टेबल नसेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून तासभर उभं राहून काम करा. खाली मांडी घालून बसायची सवय असेल तर चौरंगावर लॅपटॉप ठेवा आणि स्वतःच्या बैठकीखाली चादरीची जाड घडी घाला. खुबे गुडघ्यांपेक्षा वर आले की कंबर आपोआप सरळ होते. पण वीस मिनिटांनी मांडी मोडायची.

तरीही दुखलं तर

एवढं करूनही कधीतरी कंबर धरेल. घाबरू नका. कंबरदुखी इतकी सर्वत्र आहे, की २०२० साली जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. बहुतेकांचं अचानक उठलेलं दुखणं काही आठवड्यांत उतरतं. पहिला दिवस शेक द्या, सोसेल तसं झोपा, पण घरातल्या घरात फिरत राहा. चार-चार दिवस अंथरुणाला खिळून राहिलं की स्नायू आणखी आखडतात. मी स्वतः पहिले आठ दिवस झोपून काढले आणि बरं व्हायला त्यामुळेच जास्त वेळ गेला, असं मला आज पक्कं वाटतं.

कमरेचा पट्टा मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. जुनाट कंबरदुखीसाठी असे पट्टे सरसकट देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. एमआरआयसाठीही स्वतःहून धावू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या स्कॅनमध्ये गाद्यांची झीज दिसली, पन्नाशीतल्यांमध्ये ८० टक्क्यांच्या. रिपोर्टमधल्या "डीजनरेशन" (झीज) या एका शब्दाने हाय खाल्लेली तरुण मुलं मी पाहिली आहेत. रिपोर्ट डॉक्टरांना वाचू द्या.

दुखणं दोन-तीन आठवड्यांत उतरत नसेल, पायात मुंग्या किंवा कळ जात असेल, ताप येत असेल, कारण नसताना वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर डॉक्टरांकडे जा. जाताना एका कागदावर लिहून न्या: दुखणं कधी सुरू झालं, बसल्यावर वाढतं की चालल्यावर, पायात कुठपर्यंत जातं, दिवसाला किती तास बसता. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

आणि लघवी होईनाशी झाली किंवा शी-लघवीवरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवा आणि त्याच वेळी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. अशा वेळी शेवटच्या मणक्यांतल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि त्या वाचवायला हातात थोडेच तास असतात.